सरसाचा स्फटिक

‘सरस’ हा शब्द मराठीत निदान दोनदा जन्मला आहे, कदाचित तीनदा. रसाने युक्त तो स-रस: आंबा सरस, काव्य सरस. त्यातूनच ‘एकापेक्षा एक सरस’ यातला वरचढपणा निघाला असावा, कारण ज्यात रस अधिक ते चांगले, आणि चांगल्याची तुलना होऊ लागली की ते अधिक चांगले. त्याला ‘सरदार’, ‘सरकार’ यांतल्या फारसी ‘सर’चा, म्हणजे डोक्याचा, थोडा टेकू मिळाला नसेलच असे नाही. ‘सरशी’ ही या दोन घराण्यांपैकी कोणाची लेक, हे ठरवणे कठीणच आहे.

तिसरा सरस सुताराचा. गुरांची कातडी, हाडे, स्नायुबंध पाण्यात उकळून काढलेला, वाळवून वड्या पाडलेला, आणि कामाच्या वेळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून पातळ केलेला. या सरसाचा रसाशी काही संबंध नाही. हिंदीत तो ‘सरेस’, फारसीत ‘सिरीश’ किंवा ‘सिरेश’. मराठीने मधला ए-कार सोडून दिला आणि परका शब्द ओळखीच्या संस्कृत रूपात बसवला. अशी लोकव्युत्पत्ती भाषा गुपचूप करते आणि नंतर मूळ दाखवायला कोणी उरत नाही.

फारसी ‘सिरीश’ मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या शेजारी ‘सिरिश्तन’ हे क्रियापद आहे, अर्थ कालवणे, मळणे; आणि ‘सिरिश्त’ म्हणजे घडण, स्वभाव, माणूस ज्या मातीचा मळला आहे ती माती. जुन्या इराणी बोलींत याचा धातू ‘चिकटणे’ या अर्थाचा दिसतो. इराणीत ल-काराचा र-कार होतो हे ध्यानात घेतले की पलीकडे संस्कृतातला ‘श्लिष्’ उभा दिसतो. वेदांत तर त्याचे र-काराचे रूपही सापडते. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात ‘अभिश्रिष्’ असा शब्द आहे: इंद्र सांधा जोडतो, तोही अभिश्रिषावाचून, म्हणजे बांधायचे-चिकटवायचे साधन हाताशी नसताना. ऐतरेय ब्राह्मणात चामड्याची निखळलेली वस्तू ‘श्लेष्म्या’ने सांधावी, असा दृष्टान्त येतो. हा श्लेष्मा अजून कफ झालेला नाही. तो सांधणारा पदार्थ आहे. पुढे वैद्यांनी तोच शब्द शरीरात नेला आणि सांध्यांतल्या कफाला ‘श्लेषक’ म्हटले. तेव्हा सुताराचा सरस, वैद्याचा श्लेष्मा आणि अलंकारशास्त्रातला श्लेष ही एकाच कुळातली तीन भावंडे असावीत. एका उच्चाराला दोन अर्थ चिकटले की श्लेष होतो, आणि ‘सरस’ हा शब्द स्वतःच तसा श्लेष आहे.

वस्तू तर त्याहून जुन्या ओळखीची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती आहेत. त्यांतल्या एकीत गाई-म्हशी-बोकडांची शिंगे, गाढवाचे केस आणि म्हशीचे कातडे येते. बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात, म्हणजे कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या ज्या ग्रंथात मराठीच्या काही आरंभीच्या ओळी सापडतात त्याच ग्रंथात, चित्रकाराचा वज्रलेप म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत उकळून करायला सांगितला आहे. मऊ लोणी आणि नाव वज्राचे! या जोडीकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल, कारण ज्या रेणूमुळे कातडे चिवट असते आणि ज्याचा सरस होतो, तो रेणू एकच आहे.

ग्रीकांनी या पदार्थाला ‘कोल्ला’ म्हटले. त्यावरून सरस जन्माला घालणारे ते ‘कोलॅजन’. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांनी हे नाव पदार्थाच्या गुणावरून दिले नाही, तर उकळल्यावर त्याचे काय होते त्यावरून दिले; दुधाला ‘दही-जनक’ म्हणावे तसे. कोल्लाची बाकीची लेकरे भलत्याच घरी गेली. कागद चिकटवून केलेले चित्र ते ‘कोलाज’. पपायरसच्या गुंडाळीला अगदी वर चिकटवलेले पहिले पान ते ‘प्रोतोकोल्लोन’. त्यावर लेखाचा तपशील असे, आणि त्याच नावाचा आपल्या मंत्रालयातला राजशिष्टाचार विभाग पाहुण्यांच्या गाड्यांचा क्रम ठरवतो. या शब्दाचा पूर्वार्ध ‘प्रोतोस’, म्हणजे पहिला. त्याच घराण्यातल्या शब्दावरून 1838 मध्ये ‘प्रोटीन’ हे नाव छापून आले, आणि मराठीतले ‘प्रथिन’ ‘प्रथम’ला समोर ठेवूनच घडवलेले दिसते. म्हणजे प्रोटोकॉल या एका शब्दात प्रथिन आणि कोलॅजन ही दोन्ही नावे शेजारी शेजारी बसली आहेत. याला योगायोग म्हणायचे, पण मनाला सुखावणारा.

कोल्लाच्या वंशात एक शब्द असा निघाला की त्याने पुढची शंभर-सव्वाशे वर्षे या पदार्थावर शिक्का मारून ठेवला. 1861 मध्ये थॉमस ग्रॅहम या रसायनज्ञाने द्रवातले पदार्थ किती वेगाने पसरतात, पडद्यातून कोणते पार होतात आणि कोणते अडतात याचा अभ्यास मांडला. मीठ-साखर झपाट्याने पार जाणारी. डिंक, पिष्ट, जिलेटिन रेंगाळणारी. पहिल्या वर्गाला त्याने स्फटिकाच्या नावाने ‘क्रिस्टलॉइड’ म्हटले. दुसऱ्याचा नमुना म्हणून जिलेटिन धरले आणि कोल्लावरून नाव ठेवले ‘कोलॉइड’. स्फटिक एका काठाला, सरस दुसऱ्या काठाला. मराठी परिभाषाकारांनी कोलॉइडला ‘कलिल’ हा शब्द दिला, त्यात कानाचा कौल मोठा असावा. पण निवड अर्थानेही चपखल आहे. संस्कृतात कलिल म्हणजे दाट, मिसळलेले, आरपार न दिसणारे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मोहाचे कलिल तरून जाण्याची गोष्ट आहे. सरस हा तसा कलिल. आरपार न दिसणाऱ्या या चिकट वस्तूच्या आत ठरलेली, मोजता येण्यासारखी रचना असेल हे ग्रॅहमच्या नामकरणात बसणारे नव्हते.

आणि तरी शब्दांना आधीच काहीतरी ठाऊक होते असे वाटते. ‘क्रिस्टल’ हा ग्रीक ‘क्रुस्टाल्लोस’, त्याचा जुना अर्थ बर्फ. पारदर्शक गारगोटी म्हणजे इतके घट्ट गोठलेले बर्फ की ते पुन्हा वितळत नाही, असे रोमन प्लिनीही मानत असे. आता ‘जिलेटिन’ पाहा. लॅटिन ‘जेलू’ म्हणजे हिम, कडाका. ‘जेलारे’ म्हणजे गोठणे. त्यातून जेली, इटालियन जेलातो आणि आपले जिलेटिन. ज्यांना ग्रॅहमने दोन काठांवर बसवले त्या दोघांची नावे थंडीतच थिजलेली आहेत. संस्कृतातल्या ‘जड’ शब्दाचाही एक जुना अर्थ थंड, गारठ्याने ताठरलेला असा आहे. तो जेलूला जोडून टाकावा असा मोह होतो, पण ध्वनींचा हिशेब नीट लागत नाही, तेव्हा मोह आवरलेला बरा.

आपला ‘स्फटिक’ मात्र थंडीतून आलेला नाही. तो ‘स्फट्’, ‘स्फुट्’ या तडकण्या-फुटण्याच्या धातुकुळातला दिसतो. फट, फाटणे, फुटणे हे सारे त्याचे गणगोत. ग्रीकांनी खडा तयार कसा झाला असेल ते पाहिले, आपल्याकडे तो फुटतो कसा ते पाहिले असावे. पुष्कळ स्फटिक आडवेतिडवे फुटत नाहीत, ठरलेल्या पातळ्यांवर दुभंगतात, आणि त्या पातळ्या म्हणजे आतल्या रचनेची पहिली बाहेरची खूण. हिंदीतली ‘फिटकरी’ याच घरची. मराठीने मात्र तिची चव पाहिली आणि तुवर, तुरट यांवरून ‘तुरटी’ म्हटले.

याच उकळत्या सरसातून एक गोड शब्दही निघाला. 1820 मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने जिलेटिन गंधकाम्लाबरोबर उकळले आणि त्याला गोड चवीचे स्फटिक मिळाले. त्याने त्याला जिलेटिनची साखर म्हटले. पुढे ‘ग्लायकोकॉल’ असे नाव पडले, ग्रीक ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड आणि पुन्हा आपला कोल्ला: गोड सरस. शेपूट गळून उरले ‘ग्लायसिन’. सगळ्यांत लहान अमिनो आम्ल ते हेच. गंमत अशी की स्फटिक आणि सरस यांची ग्रॅहमने फारकत करण्याच्या चाळीस वर्षे आधीच सरसाच्या तुकड्याने स्फटिक होऊन दाखवले होते. आणि कोलॅजनच्या रचनेचा सारा खेळ या ग्लायसिनच्या लहानपणावर उभा आहे, हे कळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. त्याचा जोडीदार ‘हायड्रॉक्सीप्रोलिन’ही एमिल फिशरने 1902 मध्ये जिलेटिनमधूनच वेगळा काढला.

आता मद्रासकडे जाऊ, कारण ही कथा मद्रासची आहे. जी. एन. रामचंद्रन 1952 मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक झाले, वय तिशीचे. ब्रिटिश स्फटिकविज्ञानी जे. डी. बर्नाल तिथे आले असताना बोलण्यात कोलॅजनचा विषय निघाला. रचनेची अनेक प्रारूपे सुचवली गेली होती. लीड्सला ॲस्टबरी यांनी सुचवले, 1951 मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी सुचवले. टिकण्यासारखे एकही नव्हते. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी तो प्रश्न घेतला. त्यांच्या विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातड्याचा प्रश्न कातड्याच्या शेजारी सुटला हे मला फार आवडते. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधांची क्ष-किरण चित्रे त्यांनी अभ्यासली, आणि 1954 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली.

इथे ‘स्नायू’ या शब्दापाशी थांबायलाच हवे. मराठीत आज स्नायू म्हणजे मांसपेशी. सुश्रुताच्या काळी पेशी वेगळी आणि स्नायू वेगळा. स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी चिवट दोरी, आज आपण ज्याला स्नायुबंध, अस्थिबंध म्हणतो ते. शब्द सरकला, तेव्हा त्याच्या मागे ‘बंध’ लावून जुना अर्थ परत मिळवावा लागला. ग्रीकांचा ‘नेउरोन’ याच मुळाचा, त्याचाही पहिला अर्थ चिवट तंतू, धनुष्याची दोरी. तो सरकत सरकत मज्जातंतूपर्यंत गेला आणि ‘न्यूरॉन’ झाला. एकाच दोरीची दोन टोके, एक आपल्या दंडात गेले, दुसरे मेंदूत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोऱ्या कशाकशाच्या कराव्यात ती यादी आहे. मूर्वा, रुई, ताग अशा वनस्पतींबरोबर तीत स्नायूही आहे. अशा दोरीला ‘ज्या’ म्हणत, ‘जीवा’ म्हणत. भूमितीत वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, तर त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही जीवा. शाळेतल्या पुस्तकात ती अजून याच नावाने राहते. आर्यभटाने अर्ध्या ज्येची कोष्टके दिली. अरबांनी ‘जीवा’ तशीच उचलली. स्वर न लिहिण्याच्या रिवाजात ती ‘ज-ब’ अशी उरली आणि नंतरच्यांनी ती ‘जैब’ वाचली, म्हणजे वस्त्राची खोळ, हिंदीतली ‘जेब’. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी जैबचे ‘सिनुस’ केले आणि तिथून ‘साइन’ आला. हे सगळे त्रिकोणमितीच्या इतिहासात ठाऊकच आहे. पण क्ष-किरण स्फटिकविज्ञानाचा पाया असलेला ब्रॅगचा 1913 चा नियम आठवा: स्फटिकातल्या दोन थरांमधल्या अंतराची दुप्पट गुणिले कोनाचा साइन, बरोबर तरंगलांबीची पूर्ण पट. म्हणजे कांगारूच्या शेपटीतली दोरी ज्या सूत्राने उलगडली, त्या सूत्राच्या मध्यभागी धनुष्याची दोरी ताणलेली आहे. कोलॅजनचे माप कोलॅजनच्याच नावाने काढले गेले.

‘क्ष-किरण’ हा शब्दही असाच ऐटदार. राँटगेनने 1895 मध्ये आपल्या किरणांना ‘एक्स’ म्हटले ते अज्ञात म्हणून. बीजगणितात देकार्तने 1637 मध्ये अज्ञातांसाठी वर्णमालेची शेवटची अक्षरे वापरली होती. अरबी ‘शै’, म्हणजे वस्तू, स्पॅनिशमार्गे एक्स झाली अशी कथा सांगतात. कथा देखणी आहे, पुरावा मात्र तसा देखणा दिसत नाही. मराठीने एक्ससाठी ‘क्ष’ निवडला तेव्हा दोन पक्षी टिपले: उच्चारात क आणि ष जवळ आले, आणि आपल्याही वर्णमालेच्या शेपटाकडचे अक्षर मिळाले. ब्रह्मगुप्त-भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणत, आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे असत: कालक, नीलक, पीतक. तो प्रघात चालू राहिला असता तर आज रुग्णालयात ‘या-किरण’ काढायला सांगितले असते!

क्ष कोलॅजनच्या साखळीतही बसलेला आहे. तिची घडण त्रिपदी: ग्लायसिन, क्ष, य, पुन्हा ग्लायसिन, क्ष, य. दर तिसऱ्या जागी ग्लायसिनच, बाकी दोन जागा खुल्या. क्षच्या जागी बऱ्याचदा प्रोलिन येते आणि यच्या जागी हायड्रॉक्सीप्रोलिन. अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती वळतात. ग्लायसिनला बाजूची फांदी म्हणजे केवळ एक हायड्रोजन, म्हणून तेवढेच तीन साखळ्यांच्या गाभ्यात मावते.

या वळण्याला मराठीत शब्द शोधायचा तर ‘वेणी’ चालणार नाही, वेणीत पेड एकमेकांखालून वर काढलेले असतात. हा वळलेला दोर आहे: पेड एका अंगाला पिळलेले आणि तीन पेडांचा मिळून पीळ उलट्या अंगाला. दोर वळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही; उलट अंगाचा पीळ दिला नाही तर दोर उलगडतो. कोलॅजनमध्ये एकेक साखळी डावी, तिन्हींचा मिळून पीळ उजवा. 1955 मध्ये रामचंद्रन आणि कर्था यांनी आपल्या प्रारूपात हा एकत्र पीळही आणला. आणि इथे आपली म्हण उलटी करून वाचावी लागते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. (सुंभाचे ‘शुल्ब’ या दोरीवाचक संस्कृत शब्दाशी नाते असावे, शुल्बसूत्रे म्हणजे दोरीने यज्ञवेदी आखण्याची सूत्रे.) कातडे उकळताना घडते ते नेमके याच्या विरुद्ध: सुंभ बहुतेक शाबूत राहतो, पीळ जातो. साखळ्यांतले रासायनिक दुवे बरेचसे टिकतात, तीन पेड सुटे होतात, आणि त्या सुट्या पेडांचे नाव जिलेटिन. थंड केल्यावर ते पेड इथेतिथे पुन्हा थोडे पिळले जातात, पाणी त्या जाळ्यात अडकते आणि जेली थिजते. मानसोल्लासातले लोणी आणि वज्र यांची ही उकल आहे.

केंब्रिजला अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 1955 मध्ये आपले प्रारूप दिले आणि मद्रासच्या रचनेत काही अणू फारच जवळ आले आहेत असा आक्षेप घेतला. दर त्रिपदीला दोन हायड्रोजन बंध नव्हे, एकच शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे. बंधांच्या बाबतीत ते बरेचसे खरे ठरले. पण ‘फारच जवळ’ म्हणजे किती, हा प्रश्न रामचंद्रनांनी सोडला नाही. छापून आलेल्या स्फटिकरचनांमधली अंतरे तपासत रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर 1963 मध्ये त्यांनी जो नकाशा मांडला, तो आज प्रथिनांच्या प्रत्येक रचनेची पहिली परीक्षा आहे. साखळीचे कोन कुठे असू शकतात आणि कुठे असूच शकत नाहीत, एवढेच तो सांगतो. हेच रामचंद्रन उतारवयात तर्कशास्त्राकडे वळले आणि आपल्या पद्धतीला त्यांनी जैनांच्या स्याद्वादावरून ‘स्याद्-न्याय’ असे नाव दिले. ‘स्यात्’ म्हणजे असावे. जन्मभर ‘असू शकते’ आणि ‘असू शकत नाही’ यांच्या सीमा आखणाऱ्या माणसाने हाच शब्द निवडावा, हे मला त्यांच्या स्वभावाशी, त्यांच्या सिरिश्तेशी म्हणू या, फार जुळते वाटते.

तरीही तंतूंचे चित्र ते तंतूंचे. त्यातले ठिपके पसरट, कमी. अणूची जागा नेमकी सांगणारे नव्हेत. कोलॅजनचा एक रेणू सुमारे 3000 अँगस्ट्रॉम लांब आणि पंधराएक जाड, त्याचा सुबक स्फटिक होणे कठीण. (अँगस्ट्रॉम हे स्वीडिश आडनाव, त्यातला ‘स्ट्रॉम’ म्हणजे प्रवाह, आपल्या ‘स्रोत’चा दूरचा भाऊ.) म्हणून रसायनज्ञांनी कोलॅजनची नक्कल करणारे आखूड तुकडे प्रयोगशाळेत विणले: पेप्टाइडे.

‘पेप्टाइड’ हा शब्द फिशरने 1902 च्या सुमारास रूढ केला, ग्रीक ‘पेप्तोस’वरून, म्हणजे शिजलेले, पचलेले. त्याचा धातू संस्कृतातल्या ‘पच्’चा सख्खा. पचन, पक्व, पाक, पिकणे हे सारे एका बाजूला. पेप्सिन, पेप्टाइड दुसऱ्या बाजूला. आणि मधे फारसी ‘पुख्तन’, शिजवणे, ज्याचे ‘पुख्ता’ मराठीत ‘पोक्त’ होऊन आले. पोक्त म्हातारा आणि पेप्टाइड हे चुलतभाऊ आहेत हे कळल्यापासून मला तो शब्द रूक्ष वाटेनासा झाला.

जपानमध्ये साकाकिबारांच्या गटाने प्रोलिन-प्रोलिन-ग्लायसिन ही त्रिपदी दहा वेळा गुंफली. तिचे स्फटिक ओकुयामा आणि सहकाऱ्यांनी अभ्यासले, आणि 1981 मध्ये वेगळेच माप पुढे आले. रिच-क्रिकच्या रचनेत दहा त्रिपदींना तीन वेढे आणि सुमारे 28.6 अँगस्ट्रॉमवर पुनरावृत्ती. इथे सात त्रिपदींना दोन वेढे आणि सुमारे 20 अँगस्ट्रॉम. मग 1994 मध्ये ‘सायन्स’मध्ये जॉर्डी बेल्ला, मार्क ईटन, बार्बरा ब्रॉड्स्की आणि हेलन बर्मन यांनी 1.9 अँगस्ट्रॉम तपशिलापर्यंतची रचना दिली. साखळीत तीस अमिनो आम्ले, दोर सुमारे 87 अँगस्ट्रॉम लांब. मधोमध एका ग्लायसिनच्या जागी त्यांनी मुद्दाम अॅलनिन बसवले होते, कारण हाडे काचेसारखी मोडणाऱ्या जन्मजात आजारात अशीच एखादी ग्लायसिनची जागा बदललेली असते. अॅलनिनला फांदी एका कार्बनची, तेवढीही गाभ्यात मावत नाही. दोर तुटलेला दिसला नाही. तिथे पीळ थोडा सैल झाला होता, आणि साखळ्यांमधल्या थेट हायड्रोजन बंधांच्या जागी पाण्याचे रेणू पूल बांधून बसले होते.

सरस स्फटिक झाला, ग्रॅहमची फारकत या पदार्थापुरती मिटली. पण मला अधिक थरारक वाटते ते पाणी. दोराच्या भोवती पाण्याच्या रेणूंचा शिस्तीत मांडलेला थर होता. हायड्रॉक्सीप्रोलिनचे हात ते धरून ठेवत होते, आणि शेजारचे दोर बऱ्याच ठिकाणी एकमेकांना थेट न शिवता या पाण्यातूनच भेटत होते. मराठीने फारसी सिरीशला चुकून ‘स-रस’ केले, आणि रचना उलगडली तेव्हा तो पदार्थ खरोखर रसासहित निघाला. 1999 मध्ये क्रेमर, बेल्ला, ब्रॉड्स्की आणि बर्मन यांनी प्रोलिन कमी असलेल्या तुकड्याची रचना दिली, तेव्हा त्या भागातला पीळ जुन्या दहा-तीनच्या मापाकडे झुकलेला दिसला. सात-दोन की दहा-तीन हा वाद असा निकाली निघाला की अमिनो आम्लांच्या क्रमाप्रमाणे पीळ कुठे घट्ट, कुठे सैल.

उरला प्रश्न डाव्या-उजव्याचा, आणि तो वाचकांपुढे ठेवतो. ‘डावा पीळ’, ‘उजवा पीळ’ असे लिहून मी वर वेळ मारून नेली आहे, पण परिभाषेसाठी अनेकांना ‘वामावर्त’ आणि ‘दक्षिणावर्त’ हे भारदस्त शब्द सुचतील. मला ते धोक्याचे वाटतात. आपल्याकडे देवघरात जपतात तो दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख शंखशास्त्रज्ञांच्या हिशेबाने डाव्या वळणाचा ठरतो, कारण आपण शंख एका टोकाकडून पाहतो आणि ते दुसऱ्या टोकाकडून. आवर्त हा शब्द पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. पिळाचे तसे नाही: उजवा पीळ कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजवाच असतो. कारखान्यातल्या फिटरकडे यासाठी अचूक शब्द आहेत. स्क्रूला आटे असतात, नेहमीचे ते सुलटे. सायकलच्या डाव्या पायडलाचे उलटे, आणि बोल्ट कोणत्याही बाजूने धरला तरी आटे बदलत नाहीत. तेव्हा कोलॅजनच्या एकेका साखळीला उलट्या आट्याची आणि तिपेडी दोराला सुलट्या आट्याचा म्हणावे, असे मी सुचवतो. ‘आटा’ हा ‘आवर्त’चाच झिजलेला अवशेष असेल का, की ‘आटणे’शी त्याचे काही असावे? र्त-चा ट होण्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, ‘वर्त्म’ची ‘वाट’ झाली. पण मधला व कुठे गेला, ते कोणी दाखवून दिले तर हवे आहे.